कॅन्सर मानेत उतरलाय का, हे आधी कळेल?

मागच्या महिन्यात भामरागडला एका टपरीवर उभा होतो. टपरीवाला पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना घोटत होता. खर्रा, दुसरं काय! शेजारचे काका म्हणाले, "बाबू, महिना झाला, जिभेचा फोड बरा नाही होऊन राहिला." त्यांना म्हटलं, डॉक्टरला दाखवा. आणि रात्री वाचत बसलो.

जिभेचा कॅन्सर लहान असेल तर कापून काढता येतो. घोळ पुढचा आहे. तो आधी मानेतल्या लसिका ग्रंथींमध्ये उतरतो, आणि सुरुवातीला तिथल्या थोड्या पेशी ना हाताला लागतात, ना स्कॅनमध्ये हमखास दिसतात. मग ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढायच्या, की लक्ष ठेवून थांबायचं? मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या टीमनं हे तपासलं. 2015 मध्ये 500 रुग्णांचा निकाल आला: तीन वर्षांनी जगण्याचं प्रमाण, आधीच काढलेल्यांत 80 टक्के, थांबलेल्यांत 67.5.

मग सगळ्यांच्याच काढा की! पण निम्म्याहून जास्त लोकांच्या ग्रंथींत कॅन्सर नसतोच. आणि या ऑपरेशनात खांद्याची नस दुखावली तर हात नीट वर जात नाही. तेंदूपत्ता तोडणाऱ्याला हे परवडेल का?

इथं बायोमार्कर हवा. म्हणजे तपासणीच्या तुकड्यातच सापडणारी खूण, जी सांगेल की ही गाठ पसरणारी आहे. गाठ किती मिलिमीटर खोल गेलीय हे डॉक्टर आजही बघतात. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये अमित दत्त यांच्या टीमनं तंबाखू-सुपारी खाणाऱ्यांच्या जिभेच्या सुरुवातीच्या गाठींची जनुकं वाचली. 2017 मध्ये त्यातून एमएमपी10 हे नाव पुढे आलं. या कुळातली एन्झाइम्स पेशींभोवतीची प्रथिनांची जाळी कापतात. कुंपण तोडलं की वाट मोकळी, असं समजा.

पण एमएमपी10 अजून उमेदवार आहे. आम्ही कोडचं टेस्टिंग करतो तसंच आहे हे: खोटा अलार्म वाजला तर एखाद्याचा खांदा विनाकारण जाईल, अलार्म वाजलाच नाही तर जीव जाईल. म्हणून वेगवेगळ्या हॉस्पिटलांतल्या भरपूर रुग्णांवर पडताळल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

शहरात "थांबून बघू" चालतं. भामरागडहून दर एक-दोन महिन्यांनी नागपूर गाठायचं, तेही पर्लकोटेला पूर असताना? पहिल्याच तुकड्यातून उत्तर मिळणं इथल्या माणसाला जास्त गरजेचं आहे.

काल काकांना फोन केला. म्हणाले, रोवणी झाली की जातो.