सिनेमाचा खेळ मोबाइलात येतो तेव्हा



एखादा सिनेमा खूप चालला की त्याच्या नावाचा खेळ निघतो. त्याला आपण गेम म्हणतो. सिनेमा आवडला म्हणजे गेमही आवडणारच असे आपल्याला वाटते. पण पुष्कळदा खेळल्यावर तोंड पडते. असे काहून होते, ते मी या लेखात सांगणार आहे. काही माहिती गुरुजींनी सांगितली, काही दादाने वाचून दाखवली, आणि काही मीच विचार करून लिहिली आहे.

पाटणबोरीच्या पुढे पैनगंगेचा पूल ओलांडला की आदिलाबाद जिल्हा लागतो. म्हणून आपल्याकडे तेलुगू सिनेमे सगळ्यांना माहीत असतात. ‘बाहुबली’चा पहिला भाग २०१५ साली आला आणि दुसरा २०१७ साली. २०१७ मध्येच त्याचा मोबाइल गेम निघाला. तो बंगळूरच्या मूनफ्रॉग नावाच्या कंपनीने केला होता. त्यात किल्ला बांधायचा, सैन्य तयार करायचे आणि कालकेयांशी लढाई करायची. म्हणजे आपण राज्य सांभाळायचे. पण सिनेमा पाहणाऱ्या पोराला काय पाहिजे असते? त्याला स्वतः बाहुबली व्हायचे असते! हत्तीच्या सोंडेवर पाय देऊन चढायचे असते. मुलींना देवसेनेसारखे एकदम तीन बाण सोडायचे असतात. राज्याचा हिशोब ठेवायला कोण बसते?

पण थांबा. सगळ्यांना बाहुबली केले तर काय होते, हे आम्ही पाहिले आहे. आम्ही पोरेपोरी सुट्टीत पऱ्हाटीच्या काड्या घेऊन बाहुबली खेळतो. प्रत्येकाला बाहुबलीच व्हायचे असते. भल्लालदेव पाळीपाळीने करावा लागतो. कटप्पा तर कोणीच होत नाही, कारण त्याला बाहुबलीला मारावे लागते. आणि जो बाहुबली होतो तो म्हणतो, “मी मरत नसतो, मी बाहुबली आहो.” मग खेळ तिथेच मोडतो. सिनेमात हीरो जिंकतो ते आपल्याला बरे वाटते. खेळात मात्र हरता आले पाहिजे, नाहीतर कोणी खेळणारच नाही. गेम करणाऱ्यांची हीच मोठी अडचण आहे. हीरो सिनेमातल्यासारखा ताकदवान ठेवला तर खेळ सोपा होतो. त्याला कमजोर केला तर पाहणारे चिडतात, की हा आमचा बाहुबलीच नाही.

दुसरी अडचण गोष्टीची आहे. गोष्ट सिनेमासारखीच ठेवली, तर पुढे काय होणार ते आधीच माहीत असते. बदलली, तर लोक म्हणतात, काहूनले बदलली?

तिसरी अडचण वेळेची, आणि मला तर हीच सर्वांत मोठी वाटते. सिनेमाची तारीख ठरलेली असते. लोकांच्या मनात सिनेमा ताजा आहे तोवर गेम विकायचा असतो. १९८२ साली अमेरिकेत ‘ई. टी.’ नावाचा सिनेमा आला. दुसऱ्या ग्रहावरून आलेला एक जीव आणि एक मुलगा यांची ती गोष्ट आहे. अटारी कंपनीला त्याचा गेम नाताळाच्या आत पाहिजे होता. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या एकट्या माणसाने तो पाचेक आठवड्यांत केला. पाच आठवड्यांत तर कपाशीला पात्यासुद्धा नीट लागत नाहीत! त्या गेममध्ये ई. टी. सारखा खड्ड्यात पडायचा. पोरे कंटाळली. लाखो गेम विकल्याविना राहिले. १९८३ मध्ये कंपनीने आपला पुष्कळ माल न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरून टाकला. २०१४ साली लोकांनी तिथे खोदले, तर खरेच ई. टी.चे गेम निघाले.

याच्या उलट ‘गोल्डनआय’. जेम्स बाँडचा हा सिनेमा १९९५ चा आणि गेम १९९७ चा. इंग्लंडच्या रेअर कंपनीने घाई केली नाही. एकाच टीव्हीवर चौघे मिळून तो खेळू शकत. त्याच्या ८० लाखांहून जास्त प्रती खपल्या. सिनेमा जुना झाला होता, तरी खपल्या.

आपल्या देशातही असे गेम झाले. २००८ साली ‘गजनी’चा संगणकावरचा गेम हैदराबादच्या एफएक्स लॅब्सने केला. पांढरकवड्यावरून जाणारा ४४ नंबरचा महामार्ग हैदराबादलाच जातो. २०११ मध्ये ‘रा. वन’चा गेम मुंबईत झाला. २०१३ मध्ये ‘धूम ३’चा गेम कर्नाटकातल्या उडुपीत झाला आणि त्यात नुसती मोटारसायकल पळवायची होती. त्याच उडुपीच्या कंपनीने २०१६ मध्ये ‘सुलतान’चा गेम केला, कुस्तीचा. मला ही युक्ती पटते. कुस्ती हा मुळातच खेळ आहे, म्हणून त्याचा गेम करणे सोपे. सगळा सिनेमा कोंबण्यापेक्षा एकच गोष्ट घ्यावी.

आता पालकांसाठी थोडे. बरेच गेम फुकट असतात, पण आत गेल्यावर पैसे मागतात. तलवार पाहिजे तर पैसे, थांबायचे नसेल तर पैसे. माझ्या मामेभावाने एका सिनेमाच्या गेममध्ये (नाव लिहीत नाही) लाल बटण दाबले, तर मामाच्या मोबाइलमधून ३०० रुपये गेले. मामी म्हणाली, “ही माझी दिवसभर कापूस वेचल्याची मजुरी आहे.” भाऊ दोन दिवस जेवताना खाली मान घालून बसत होता. त्याला तलवार मिळाली होती, पण ती त्याने परत चालवली नाही. म्हणून मोबाइलमध्ये पैसे देण्याआधी आकडी खूण विचारण्याची सोय असते, ती चालू करून ठेवावी.

मराठी सिनेमाचा गेम करायचा झाला तर मी ‘झपाटलेला’ घेईन. १९९३ सालचा महेश कोठारे यांचा सिनेमा. त्यातला तात्या विंचू बाहुला रामदास पाध्ये यांनी केला. या गेममध्ये आपण तात्या विंचू व्हायचे नाही, आपण लपणारे व्हायचे. तो लहान आहे, म्हणून खाटेखाली, कणगीमागे, कुठेही मावतो. आणि त्याला गोळी दोन भुवयांच्या मधोमध लागली तरच तो मरतो, बाकी कुठे लागून उपयोग नाही. असा नियम सिनेमातच तयार आहे. आजीला विचारले, तर ती म्हणाली, “मले नको बाप्पा तो बाहुला घरात.”