पिकअपला उंची हवी? आधी पांदण बघा!

शहरात रुबाब आणि गावाकडे चिखल, दोन्हीकडे गाडी भाव खाऊन गेली पाहिजे ना? मग खर्च कुठे करायचा आणि कुठे हात आखडायचा, ते समजून घ्या.

चारठाणा. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातलं गाव. गोकुळेश्वराचं मंदिर, जुनी बारव, कोरीव दगडकाम... इतिहासाचं वेड असलेली मंडळी इथे मुद्दाम वाट वाकडी करून येतात. पण आजचा विषय वेगळ्याच वाटेचा आहे. मोठा रस्ता सोडून शिवारात उतरलं, की डांबर संपतं. मग मुरूम, मग पांदण. आणि पावसाळ्यात पांदण म्हणजे काय चीज असते, ते काळ्या मातीत वाढलेल्यांना सांगायला नको!

नोकरी पुण्या-मुंबईत आणि शेती गावाकडे, अशी डबल ड्यूटी करणाऱ्यांची एक पिढीच आहे. त्यांच्यातल्या अनेकांना इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स नाहीतर घरचीच बोलेरो कॅम्पर खुणावते. गाडी घेतली, की पहिला किडा डोक्यात वळवळतो तो हाच, ‘जरा उंच करू या का?’ करा की! पण कशासाठी, ते आधी ठरवा.

उंचीचं गणित

गाडी उंच करण्याचे दोन रस्ते. एक, मोठे टायर. दुसरा, सस्पेन्शन लिफ्ट. दिसायला दोन्ही सारखेच, काम मात्र निराळं.

आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना मागे पाटे असतात आणि त्यांच्याखाली एकसंध अॅक्सल. त्या अॅक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा फुगवटा. बैलगाडी-ट्रॅक्टरच्या चाकोरीत मधला उंचवटा पहिल्यांदा घासतो तो यालाच. लिफ्ट किट बसवलं की बॉडी वर जाते, पण हा फुगवटा होता तिथेच राहतो! तो वर उचलायचा, तर उपाय एकच, टायरचा व्यास वाढवणं.

समजा, तुमच्या टायरवर 255/60 आर18 असं लिहिलंय. म्हणजे रुंदी 255 मिलिमीटर, टायरची भिंत तिच्या 60 टक्के आणि रिम 18 इंची. एकूण व्यास साधारण 763 मिलिमीटर. तुम्ही 265/65 आर18 टाकलेत, तर व्यास होतो 802 च्या आसपास. वाढ 39 मिलिमीटर, पण जमिनीपासूनची उंची वाढते त्याच्या निम्मी, फक्त 19 ते 20 मिलिमीटर. जेमतेम दोन बोटं!

आणि त्याची किंमत? चाकाचा घेर पाच टक्क्यांनी वाढला, की मीटर तेवढाच मागे राहतो. आधी मीटर अचूक होता असं धरा. मुंबईहून समृद्धी महामार्गानं जालन्याकडे निघालात आणि काटा 120 वर आहे, तर प्रत्यक्षात तुम्ही 126 च्या वेगानं पळताय. तिथली मर्यादा आहे 120 ची. शिवाय जड चाक फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो, ते वेगळंच.

मोठं रिम? नको रे बाबा!

सिग्नलला भाव खायचा असेल, तर मोठं अलॉय आणि पातळ टायर झकास. पण पांदणीत हीच जोडी रडवते. दगड लागला की पातळ भिंत दबते आणि दणका थेट रिमला बसतो. खडबडीत वाटेला लहान रिम आणि जाड भिंतीचा टायर केव्हाही भारी. रिम फार बाहेर काढून चाकं फाकवण्याचा मोहही आवरा, कारण त्याचा ताण थेट व्हील बेअरिंगवर येतो.

काळ्या मातीचा हिसका

ओली काळी माती टायरच्या खाचांत भरते. दोन-तीन फेऱ्यांत अख्ख्या टायरला थर चढतो आणि महागडा टायर गुळगुळीत गोट्यासारखा घसरतो. मड टायरच्या खोल, मोकळ्या खाचा चिखल बाहेर फेकतात खऱ्या, पण डांबरावर तेच टायर आवाज करतात, लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी देतात. वर्षातले बहुतेक किलोमीटर हायवेवर होत असतील, तर ऑल टेरेन टायर हाच शहाणा सौदा. आणि धो धो पावसात? गाडी मुरुमावर लावा आणि पुढे ट्रॅक्टरनं किंवा चालत जा. यात कमीपणा कसला?

पाटे आणि शॉकअप

माल जास्त बसावा म्हणून पिकअपला जादा पाटा टाकायची पद्धत गावोगावी दिसते. मागची बाजू उचलते, गाडी दमदार दिसते. पण पाटा वाढला म्हणून ब्रेक, टायर आणि अॅक्सलची ताकद वाढत नाही! ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरला, तर उतारावर पाय ब्रेकवर असूनही गाडी वेळेत थांबेलच असं नाही. आणि त्या हौद्यात कित्येकदा पोत्यांसोबत माणसंही बसलेली असतात.

उलटी गंमत रिकाम्या गाडीची. कडक पाट्यांवर मागे फक्त लॅपटॉपची बॅग असेल, तर खड्ड्यात मागची चाकं उसळतात आणि पकड सुटते. तुमचं वजन आईनं दिलेल्या दोन पोती ज्वारीपुरतंच असेल, तर पाट्यांना हात लावू नका. चांगले शॉकअप बसवा. फरक पहिल्याच खड्ड्यात कळेल.

लिफ्ट करायचीच असेल, तर माफक करा. गुरुत्वमध्य वर गेला, की वळणावर गाडी जास्त कलते. लिफ्टनंतर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत तपासायलाच हवा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत लख्ख उजेड!

खिशात ठेवा

• क्रम पाळा. आधी टायर, मग शॉकअप, लिफ्ट शेवटी.
• टायरवरचा लोड इंडेक्स कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. 112 म्हणजे एका टायरला 1,120 किलो.
• स्टेपनी त्याच मापाची घ्या. फोर बाय फोरमध्ये वेगवेगळ्या मापाची चाकं गिअरची वाट लावतात.
• चिखलासाठी हवा कमी केलीत, तर डांबरावर येताच पुन्हा भरा. हवा भरायचा छोटा पंप गाडीत असू द्या. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो.
• आरसीवरच्या नोंदींशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतात. सुप्रीम कोर्टानंही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा.

थोडक्यात काय, तर पांदणीला तुमच्या गाडीचा लूक कळत नाही. तिला कळतं ते टायर, वजन आणि चालवणाऱ्याचं डोकं. गाडी दोन बोटं उंच झाली तर उत्तमच, पण भरल्या हौद्यासह ती वेळेवर थांबली पाहिजे. बाकी रुबाब काय, चिखलानं माखलेल्या पिकअपला तो आपोआप येतोच!