कणखरपणाची किंमत : कृष्णवर्णीयांचा अनुभव आणि आपली पन्नाशी

आपल्या वस्तीतला पन्नाशीचा एखादा माणूस डोळ्यांसमोर आणा. घरातला पहिला पदवीधर, वसतिगृहात राहून शिकलेला. नोकरी लागल्यापासून भावंडांची लग्नं, आईवडिलांचा दवाखाना, विहाराचं बांधकाम, १४ एप्रिलची वर्गणी हे सगळं त्याच्याच अंगावर आहे. कार्यालयात आडनाव कळताच बदललेला सूर त्याने वीस वर्षं मुकाट्याने ऐकला. बीपीची गोळी चालू आहे, रात्री तीनला जाग येते. विचारलं तर म्हणतो, "काही नाही जी, जरासं टेन्शन हाय."

यवतमाळ जिल्ह्यात काम करताना हा माणूस आम्हाला आर्णीत, पुसदमध्ये, वणीत पुन्हा पुन्हा भेटतो. बाईच्या रूपातही भेटतो. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात निंदण करून संध्याकाळी विहारात वंदनेला येणारी ताई सांगते, "डोक्स दुखते, जीव घाबरते, जेवन गोड लागत नाही." गोळ्या डोकेदुखीच्या मिळतात, पण मनाबद्दल कोणी विचारत नाही.

जॉन हेन्री कोण होता?

हा थकवा समजून घ्यायला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय अभ्यासकांची मदत होते. त्यांचं आपलं नातं जुनं आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं. याच ड्यू बॉइस यांनी १९०३ मध्ये मांडलं होतं की, कृष्णवर्णीय माणसाला स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या नजरेतून पाहावं लागतं. आडनाव सांगण्याआधी समोरच्याचा चेहरा वाचणाऱ्या आपल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुढे शर्मन जेम्स या कृष्णवर्णीय संशोधकाला नॉर्थ कॅरोलिनात एक शेतकरी भेटला. त्याचं नाव जॉन हेन्री मार्टिन. शाळा जेमतेम दुसरीपर्यंत, पण लिहायला-वाचायला स्वतःच शिकला. बटाईच्या शेतीतल्या कर्जातून सुटला आणि चाळिशीपर्यंत ७५ एकरांचा मालक झाला. पन्नाशी सरेपर्यंत मात्र उच्च रक्तदाब, सांधेदुखी आणि पोटातल्या अल्सरने त्याचं शरीर खिळखिळं केलं होतं. अमेरिकन लोककथेतही एक जॉन हेन्री आहे. तो हातोडा घेऊन यंत्राशी स्पर्धा करतो, जिंकतो आणि तिथेच कोसळून मरतो. या दोघांवरून जेम्स यांनी आपल्या कल्पनेला 'जॉन हेन्रीइझम' हे नाव दिलं.

म्हणणं सोपं आहे. अडचण जितकी मोठी, तितके जास्त कष्ट करून तिच्यावर मात करायची हा स्वभाव चांगलाच. पण पैसा, शिक्षण, ओळखीपाळखी यांचा आधार नसताना वर्षानुवर्षं असंच लढत राहिलं, तर शरीर त्याची किंमत वसूल करतं. १९८३ मध्ये जेम्स आणि सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या संदर्भात हे मांडलं. १९९२ मध्ये अर्लीन जेरोनिमस या संशोधिकेने म्हटलं की, भेदभावाचा सततचा ताण माणसाला वयाआधीच झिजवतो. चाळिशी-पन्नाशीत ही झीज वर येते. मुलं शिकायला बाहेर गेलेली असतात, आईवडील थकलेले असतात, चळवळीतले जुने साथी पांगलेले असतात. 'इतकं केलं, त्याचं काय झालं?' हा प्रश्न याच वयात रात्री जागवतो.

जात आणि वंश एकच नाहीत, हे मान्य. पण अपमान गिळत ताठ उभं राहण्याचा ताण दोन्हीकडे ओळखीचा आहे.

यवतमाळमध्ये कोणाचं दुःख मोजलं जातं?

यवतमाळ म्हटलं की शेतकरी आत्महत्या आठवतात. त्यासाठी शासनाने 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, ते गरजेचंच होतं. पण ज्याच्या घरात कोणाच्याच नावावर सातबारा नाही, त्या शेतमजुराचं दुःख या चर्चेत सहसा येत नाही. नोकरीवाल्याला तर 'तुला काय कमी आहे?' म्हणून गप्प केलं जातं.

आपण कार्यकर्तेही यात कमी पडतो. 'बाबासाहेबांचा अनुयायी रडत नाही' असं आपण सहज बोलून जातो. हे इतिहासाला धरून नाही. १९२६ मध्ये राजरत्न गेल्यावर बाबासाहेबांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात आपलं दुःख लपवलं नव्हतं. शेवटच्या काळातली त्यांची व्यथा नानकचंद रत्तू यांनी नोंदवून ठेवली आहे. रडल्याने ते लहान झाले नाहीत. धम्माची सुरुवातही दुःख आहे हे मान्य करण्यापासूनच होते.

लढा घेतला, दवाखाना राहिला

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा समोर अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं उदाहरण होतं. त्यांची आक्रमकता आपण उचलली. पण ब्लॅक पँथरने वस्त्यांमध्ये मोफत दवाखाने चालवले आणि सिकलसेलची तपासणी मोहीमही घेतली, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. सिकलसेल तर आपल्या विदर्भाचाही आजार आहे. माणसाची काळजी घेणं हा त्यांच्या लढ्याचाच भाग होता.

लॉस एंजेलिसमध्ये केशकर्तनालयांत कृष्णवर्णीय पुरुषांच्या रक्तदाबावर औषधतज्ज्ञांनी तिथेच उपचार केले. रक्तदाब लक्षणीयरीत्या उतरल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. माणूस जिथे मोकळा बसतो, तिथेच उपचार पोहोचवले गेले. आपल्याकडे ती जागा विहार आहे.

आपण काय करू शकतो?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली, कशातच मन लागेना, चिडचिड वा दारू वाढली, 'आता जगून काय' असं बोलणं आलं, तर ते 'टेन्शन' म्हणून सोडू नका. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलता होतो.

टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. धोका वाटला तर माणसाला एकटं न सोडता थेट रुग्णालयात न्या. मनाच्या आजाराची गोळी बीपीच्या गोळीसारखीच आहे, ती घेण्यात लाज नाही. ध्यानाने अनेकांना बरं वाटतं, पण आजार गंभीर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दहा दिवसांच्या शिबिराला पाठवू नका.

महिन्यातला एक रविवार विहारात वंदनेनंतर आशाताईंना बोलावून बीपी तपासा आणि मग तासभर नुसतं बसा. भाषण नको, सत्कार नको. चाळिशीपुढच्या माणसांना बोलू द्या, तरुणांनी ऐकावं. पुरुष बायकांसमोर मोकळे होत नाहीत, बायका पुरुषांसमोर होत नाहीत, म्हणून वेगवेगळं बसवा. तिथे ऐकलेलं गावभर करू नका.

किसा गोतमी मेलेलं बाळ घेऊन बुद्धांकडे आली, तेव्हा त्यांनी तिला मूठभर मोहरीसाठी दारोदार पाठवलं. ज्या घरात कोणी मेलं नाही, असं घर तिला सापडलं नाही. पण प्रत्येक दारात तिचं दुःख कोणीतरी ऐकलं आणि आपलंही सांगितलं.

आपल्या वस्तीतला जॉन हेन्री स्वतःहून दार ठोठावणार नाही. त्याच्या दारात आपणच जायचं आहे.

जय भीम!