टायमिंग चेन

टायमिंग चेन ही क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत पोहोचवणारी, इंजिनाच्या तोंडाशी झाकणाआड फिरणारी पोलादी साखळी होय. पिस्टन वर-खाली होत असताना व्हॉल्व्ह नेमक्या क्षणी उघडावेत आणि मिटावेत, ही जबाबदारी तिची. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणून कॅमशाफ्टवरील दातेरी चक्राला दुप्पट दाते असतात.

कोणत्या मालवाहनात साखळी असते

तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूरमार्गे नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर जे अवजड ट्रक दिसतात, त्यांपैकी बहुतेकांत ही साखळी नसतेच. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार करून ट्रकनिर्मिती सुरू केली. त्या परंपरेतील डिझेल इंजिनांत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, क्रँकशाफ्टच्या शेजारी असतो आणि गिअर एकमेकांत थेट अडकवून काम भागते. जुने मेस्त्री ‘टायमिंग लावणे’ म्हणतात ते बहुधा याच गिअरच्या खुणा जुळवणे असते. कॅमशाफ्ट वर हेडमध्ये गेला की दोहोंतील अंतर वाढते व साखळी किंवा रबरी पट्टा लागतो. लहान मालवाहनांत हा फरक महत्त्वाचा ठरतो. उदाहरणार्थ, २०२३ पासूनच्या मारुती सुझुकी सुपर कॅरीमधील के-मालिकेच्या इंजिनात साखळी आहे. त्यामुळे झाकण खोलण्याआधी त्या मॉडेलची दुरुस्तीपुस्तिका पाहणे अपरिहार्य आहे.

झीज व लक्षणे

साखळी ‘ताणली’ असे म्हटले जाते, पण पोलाद रबरासारखे ताणत नाही. प्रत्येक सांध्यातील पिन व बुश किंचित झिजतात आणि शेकडो सांध्यांची ती झीज एकत्र होऊन साखळी लांबते. तेल वेळेवर न बदलणे हे याचे मुख्य कारण. डिझेल इंजिनाच्या जुन्या तेलातील काजळी तर सांध्यांवर पॉलिश कागदासारखी घासते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना समोरून येणारा खडखडाट हे पहिले लक्षण होय. आधुनिक गाडीत क्रँक व कॅम यांचा मेळ बिघडल्याचा पी-००१६ हा संकेतही येतो.

हे दुर्लक्षून साखळीने दात सोडला, तर उघडा व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळून वाकतो. ज्या कुटुंबाचा सोयाबीनचा हंगाम एका गाडीवर चालतो, त्याला साखळीच्या खर्चाऐवजी पूर्ण हेडचा खर्च सोसावा लागतो.

घरी बदलताना

बॅटरीची ऋण तार काढणे, कुलंट व तेल उतरवणे, पट्टा आणि पुली सोडवणे ही तयारी कष्टाची असली तरी अवघड नाही. पुलीचा बोल्ट मात्र फार घट्ट असतो. अंगणातली धूळ हा खरा शत्रू. सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत उघडे इंजिन झाकूनच ठेवावे लागते. केवळ साखळी बदलणे ही खोटी काटकसर आहे. दातेरी चक्रे, गाईड आणि तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर हेही सोबतच बदलतात, कारण झिजलेले दाते नव्या साखळीला लवकर खातात.

पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, साखळीच्या रंगीत कड्या चक्रांवरील खुणांशी जुळवल्या जातात. कॅमचक्राला ३६ दाते असतील, तर एका दाताची चूक म्हणजे कॅमशाफ्टवर १० अंश आणि क्रँकशाफ्टवर २० अंश. टेन्शनर मोकळा केल्यावर क्रँकशाफ्ट पान्याने, हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेनेच पूर्ण दोन फेरे फिरवावा लागतो. मध्ये कठीण अडथळा जाणवला तर जोर लावायचा नाही. तो बहुधा पिस्टनला टेकलेला व्हॉल्व्ह असतो.

इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो. दोन फेऱ्यांनंतर चक्रांवरील खुणा पुन्हा जागेवर येतात, पण रंगीत कड्या येत नाहीत. त्यात काही बिघडलेले नसते. हे साधे अंकगणित आहे. समजा, क्रँकचक्राला १८ दाते व साखळीत १०० कड्या आहेत. दोन फेऱ्यांत साखळी ३६ कड्या पुढे सरकते. ३६ आणि १०० यांचा लसावि ९००. म्हणजे कड्या पुन्हा खुणांवर येण्यास क्रँकशाफ्टचे ५० फेरे लागतील. म्हणून दोन फेऱ्यांनंतरची परीक्षा फक्त चक्रांवरील खुणांची असते. ती जुळली नाही, तर झाकण बसवण्यात अर्थ नसतो.

झाकणाला नवे गॅसकेट किंवा सीलंट लावून सर्व बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळतात, नवे तेल व कुलंट भरतात. पहिल्यांदा सुरू करताना टेन्शनरमध्ये तेल भरेपर्यंत काही सेकंद खडखड होते; ती थांबली नाही तर इंजिन तत्काळ बंद करून तेलाचा दाब व टेन्शनर तपासावा लागतो.