पाय हलका होईल, घाट नव्हे!

आमच्या तीर्थरूपांची फियाट कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६८ साली बाहेर पडली. तिला चारही चाकांना ड्रम-ब्रेक, आणि ते लागायचे निव्वळ पायाच्या जोरावर. दर दिवाळीत ती आम्हाला घेऊन पाबे घाटाने वेल्ह्याला जाते. गेल्या खेपेस मात्र अप्पांचे गुडघे कुरकुरले. "पॉवर-ब्रेक बसवू," त्यांनी जाहीर केले.

वरंध घाटाच्या गाड्या दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या भोरच्या एका मिस्त्रीला आम्ही गाठले. त्याने सर्व्होचा डबा दाखवला. आत मधोमध रबरी पडदा. इंजिन हवा ओढून घेते, त्यामुळे पडद्याच्या दोन्ही बाजूंना पोकळी होते. पेडल दाबले, की एका बाजूने बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला रेटते. पडदा २० सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो दाब मिळाला, तरी रेटा १५० किलोंच्या वर! म्हणजे दोन धट्टेकट्टे गडीच पायाच्या मदतीला!

अप्पा खूश झाले. मिस्त्री म्हणाला, "काका, पाय हलका होईल, घाट नव्हे!"

खरेच आहे. सर्व्हो पायाचे श्रम वाचवतो. ड्रम थंड ठेवीत नाही. लांब उतारावर ब्रेक दाबूनच ठेवला, तर ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते. मग दोन गडी काय नि दहा काय! शिवाय हा जोर चालत्या इंजिनाचा. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद केले, तर साठलेली पोकळी दोन-चार दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. त्यातून जुन्या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकचे तेल एकाच सिलिंडरातून जाते. एक नळी फुटली, की पेडल थेट तळाला! म्हणून आधी नळ्या, रबरी वॉशर, लायनर नवे, जमल्यास दुहेरी मास्टर सिलिंडर, सर्व्हो त्यानंतर. अप्पांनी निमूटपणे हाच क्रम पाळला.

मिस्त्रीने एक परीक्षाही शिकवली. इंजिन बंद असताना पेडल चार-पाचदा दाबावे, शेवटी पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर सर्व्हो काम करतो आहे.

यंदा दसऱ्याला पाबे घाटाच्या माथ्यावरून तोरणा दिसू लागला, तेव्हा मी अप्पांच्या पायाकडे पाहत होतो. त्यांचा हात मात्र आधीच गिअरकडे गेला होता. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन घुमत राहिले, गाडी सावकाश उतरू लागली. वेल्हे येईपर्यंत त्या दोन गड्यांना फारसे काम पडलेच नाही!