कलाशिक्षण, पदवी स्तरावरील

चित्रशाळेतील वा शिल्पशाळेतील प्रत्यक्ष निर्मितीद्वारे दिले जाणारे दृश्यकलांचे महाविद्यालयीन शिक्षण. महाराष्ट्रात त्याची परंपरा मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टपासून (स्थापना १८५७) सुरू होते. प्रारंभी कारागिरीवर भर देणाऱ्या या संस्थेत १९२० च्या सुमारास ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी जिवंत मानवी नमुन्यावरून रेखाटन व भित्तिचित्रण यांना चालना दिली. १९८१ मध्ये ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न होऊन पदविकेच्या जागी पदवी आली; २०२३ मध्ये भगिनी संस्थांसह तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात रेखाटन, रंग व आकार यांच्या पायावर रंगचित्रण, शिल्प इ. शाखांचे विशेष अध्ययन उभे राहते. एकाच नमुन्याभोवती बसलेल्या विद्यार्थ्यांची चित्रे कोनागणिक वेगळी उतरतात. ती शेजारी मांडून अध्यापक गुणदोष दाखवितात. हे शिक्षण ग्रंथांतून मिळत नाही. शिवाय दूरच्या विद्यार्थ्यास, उदा., विरारहून चर्चगेटपर्यंत सु. ६० किमी. रेल्वेने येणाऱ्यास, ओले तैलचित्र गर्दीच्या गाडीतून घरी नेणे अशक्यप्राय असते. ते चित्रशाळेतच पूर्ण व्हावे लागते. म्हणून तेथील तास घटल्यास पदवी मिळते. पण हात तयार होत नाही.