चारही चाके जोर लावतात तेव्हा

पावसाळ्यात कच्च्या वाटेवर रुतलेली मोटार तुम्ही पाहिली असेल. इंजिन घरघरते, चिखल उडतो, पण गाडी जागची हलत नाही. नीट पाहा, बहुतेक वेळा एकच चाक गरगर फिरत असते. ताकद भरपूर आहे, पण ती जमिनीला लागत नाही.

असे का होते? गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. म्हणून दोन्ही चाकांच्या मध्ये ‘डिफरन्शियल’ नावाची दातेरी चाकांची रचना असते. तिच्यामुळे दोन चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. मात्र साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एक चाक चिखलात असले तर ते थोड्याशा जोरानेच फिरू लागते, आणि कोरड्या जमिनीवरील चाकालाही तेवढाच जोर मिळतो.

फोर व्हील ड्राइव्ह गाडीत गिअरबॉक्सला ‘ट्रान्सफर केस’ जोडलेली असते. तिच्यातून एक दांडा मागच्या आणि एक पुढच्या डिफरन्शियलकडे जातो. पुढच्या चाकांना फिरायचे असते आणि वळायचेही असते, म्हणून तिथे वाकूनही गती पोहोचवणारे खास सांधे लागतात. अनेक गाड्यांत आणखी एक ‘लो’ गिअर असतो. त्यात वेग कमी होतो, पण जोर वाढतो. तरीही पुढचे एक आणि मागचे एक चाक एकाच वेळी घसरले, तर ही गाडीसुद्धा अडकू शकते. त्यासाठी काही गाड्यांत डिफरन्शियल ‘लॉक’ करण्याची सोय असते.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रामा डिप्लॉक यांनी १८९३ मध्ये वाफेच्या इंजिनगाडीसाठी अशा रचनेचे पेटंट घेतले. हॉलंडमधील स्पायकर बंधूंनी १९०३ मध्ये पेट्रोलवर चालणारी अशी मोटार बनवली. तिला सहा सिलिंडर होते. पण अशा गाड्यांचा मोठा प्रसार झाला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४० मध्ये अमेरिकन लष्कराला हलकी, कुठेही जाणारी गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने ४९ दिवसांच्या मुदतीत पहिला नमुना हजर केला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या.

युद्धानंतर ही जीप शेतात आणि डोंगरात उपयोगी पडू लागली. आपल्या देशात महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली.

आता दोन गोष्टी लक्षात ठेवा. लिव्हर ओढून चालू करायच्या साध्या पद्धतीत पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना पक्के जोडले जातात. वळताना मात्र पुढची चाके जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तसे होत नाही, म्हणून सांधे आणि दातेरी चाकांवर ताण येतो. अशा रस्त्यावर ती पद्धत बंद ठेवावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ब्रेक साध्या मोटारीतही चारही चाकांना असतात. फोर व्हील ड्राइव्ह गाडी निसरड्या रस्त्यावर सहज निघते, पण साध्या गाडीपेक्षा लवकर थांबत नाही. निघणे सोपे झाले की चालकाला रस्ता चांगला वाटू लागतो, आणि तिथेच घात होतो. घाटात, पावसात वेग कमीच हवा.

जीप दिसली म्हणजे ती फोर व्हील ड्राइव्ह असेलच असे नाही. ओळखीची जुनी जीप बंद करून उभी असेल, तर मालकाला विचारून पुढून खाली वाकून पाहा. पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या ॲक्सलवर लोखंडी फुगवटा दिसला, तर ते पुढचे डिफरन्शियल. मागचा फुगवटाही शोधा, आणि दोन्हींकडे येणारे दांडे कोठून निघतात ते वहीत काढून पाहा.